फुकटातली लायब्ररी आणि वामनचा कोड

चार माणसं एका खोलीत आणि वर वीज गेलेली, एवढं असलं की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे वीज दिवसातून तीनदा जायची. नव्वदच्या दशकात आदिलाबादला आमचं कम्प्युटर सेंटर होतं, सरकी-बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून कापसाची बारीक धूळ जिन्यानं वर यायची आणि कीबोर्डात जाऊन बसायची. पंखा थांबला की आम्ही चौघं खिडकीशी खुर्च्या ओढायचो आणि बोलत बसायचो.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. मालक राव सर. त्यांची आधी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर विकून त्यांनी दोन कम्प्युटर घेतले होते. दुसरे मोईनभाई, एका सरकारी दफ्तरातून रिटायर झालेले, याद्या तपासायला बसायचे. तिसरा वामन, बाजारहत्नूरकडचा, कापूस-जवारीच्या घरातला पोरगा, आमच्यातला एकमेव खरा प्रोग्रामर. आणि चौथी मी, सुनंदा, तलमडुगूच्या एका मास्तरांची मुलगी. मी टाइप करायची, आणि वामनच्या मागं उभं राहून राहून थोडा कोड मलाही वाचता यायला लागला होता.

आमच्या चौघांत एक गोष्ट सारखी होती. कोणाचाच कोणावर पटकन विश्वास बसत नसे. त्या लायब्ररीवर तर कोणाचाच बसला नाही.

*

लायब्ररी म्हटलं की पुस्तकं डोळ्यांसमोर येतात. माझ्या बाबांच्याही आली.

झालं असं, की मी घरी एकदा सहज म्हणाले, "सध्या आमचं सगळं काम लायब्ररीवर चाललंय." बाबा खूश. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस, पुस्तकांवर जीव. पुढच्या आठवड्यात ते न सांगता तलमडुगूच्या बसनं आले. जिना चढून वर आले आणि दारातच थांबले. दोन कम्प्युटर, एक प्रिंटर, कागदांचे गठ्ठे, आणि मुलीच्या बाजूला एक अनोळखी पोरगा.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मला विचारलं, लायब्ररी कुठं आहे. मी टेबलावरच्या फ्लॉपीकडं बोट दाखवलं. समजावून सांगितलं की दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेले प्रोग्रामचे तयार तुकडे असतात, ते आपण आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचे, त्याला लायब्ररी म्हणतात. बाबांनी फ्लॉपी हातात घेतली, उजेडाकडं धरली, उलटी केली.

मग वामनकडं बघून शांतपणे विचारलं, "तुमचं आडनाव काय?"

त्या दिवसापासून तीन महिने बाबा मला घ्यायला रोज बसस्टँडवर उभे असत.

*

ती लायब्ररी आली कशी, तर राव सरांचा एक भाचा हैदराबादला शिकायला होता, त्यानं पाच फ्लॉप्या पाठवल्या. त्यात नावं जुळवायचा कोड होता. म्हणजे एकाच माणसाचं नाव दोन याद्यांत दोन तऱ्हेनं लिहिलेलं असेल, तर उच्चारावरून ते ओळखायचं. आम्हाला अगदी तेच हवं होतं. आमच्याकडे याद्या यायच्या त्या इंग्रजी अक्षरांत. एकच विठोबा तेलुगू क्लार्क एका तऱ्हेनं लिहायचा, मराठी क्लार्क दुसऱ्या, आणि मोईनभाईंच्या वेळचे जुने लोक तिसऱ्याच.

विशेष म्हणजे ती लायब्ररी फुकट होती. नुसती फुकट नाही, आतला सगळा कोड उघडा. वाचा, बदला, वापरा, दुसऱ्याला द्या. 'ओपन सोर्स' हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता. आम्ही तिला 'उघडी लायब्ररी' म्हणायचो.

राव सरांना हे काही केल्या पटेना. परदेशातला एक माणूस वर्षानुवर्षं बसून कोड लिहितो, आणि आदिलाबादच्या माणसाला फुकट देतो. काऊन? त्याला आमच्याकडून काय पाहिजे? फ्लॉपीत एक लांबलचक इंग्रजी मजकूर होता, तो त्यांनी मला छापून काढायला लावला आणि मराठीत सांगायला लावला. मी सांगितलं, तो म्हणतो वाट्टेल ते करा, पण दोन गोष्टी. काही बिघडलं तर जबाबदार मी नाही. आणि बदल केलात तर काय बदललं ते वर लिहा, आणि कोणी बदललं त्याचं नाव लिहा.

मोईनभाईंनी मान डोलावली. म्हणाले, हा माणूस दफ्तरात नोकरी केलेला दिसतो.

राव सरांनी मात्र त्या पाच फ्लॉप्या रुमालात बांधून लोखंडी कपाटात ठेवल्या आणि किल्ली जानव्याला अडकवली. आम्हाला हवी असेल तेव्हा मागून घ्यायची, वापरून परत करायची. वामननं एक दिवस मला हळूच दाखवलं. विकत घ्यायचे म्हणून जे प्रोग्राम होते, ते सगळे आमच्याकडं चोरीचे होते आणि उघड्या टेबलावर पडलेले असत. कुलूप फक्त फुकटच्याला होतं.

*

राव सरांचा संशय पुढं वाढत गेला. ही लायब्ररी आपल्या याद्या कोणाला कळवत तर नसेल? वामननं समजावलं की सर, कळवायला वायर लागते. आपल्या कम्प्युटरला विजेची वायर सोडली तर कोणतीच वायर नाही. सर म्हणाले, वायर आपल्याला दिसत नाही, एवढंच तू सांगू शकतोस.

बाजूच्या खोलीत सेंटरचा टेलिफोन होता. सरांनी नियम केला. लायब्ररी चालवायची त्याआधी टेलिफोनची वायर भिंतीतून काढायची, काम झालं की परत लावायची. आम्ही महिनाभर इमानानं तसं केलं. वायर काढायचं काम माझ्याकडं.

एक दिवस टेलिफोन खात्याचा माणूस जिना चढून आला आणि सरांनी दिलेल्या तक्रारीवर सही मागू लागला. सरांना आठवेना, कोणती तक्रार. त्यानं कागद दाखवला. आमचा फोन पाच आठवड्यांपासून बंद होता, म्हणजे सरांच्या नियमाच्याही आधीपासून.

सरांनी सही केली. माणूस खाली उतरला. मग सर माझ्याकडं वळून म्हणाले, "तरी पण काढत जा."

*

आता वामनचं सांगते. वामन हुशार होता, आणि हुशार माणसाला 'हात लावू नका' म्हटलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

लायब्ररीच्या मुख्य फाइलमध्ये एका जागी एक आकडा होता आणि त्याच्या वर त्या परदेशी माणसानं इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, की हा आकडा बदलू नका, का ते तुम्हाला पक्कं माहीत असेल तरच बदला. बाकी सगळ्या ओळींवर त्यानं समजावून लिहिलं होतं. इथंच काही नाही.

वामनला झोप लागेना. त्याला वाटायचं, सगळं उघडं ठेवलं आणि एवढंच झाकलं, म्हणजे खरी मेख इथंच आहे. तो मला म्हणाला, "सुनंदाताई, हा माणूस काही तरी लपवून राह्यला."

मावल्याजवळच्या एका गावाची यादी होती, सव्वाचारशे नावांची. वामननं आकडा बदलला आणि प्रोग्राम चालवला. प्रिंटर नेहमी अर्धा तास खडखडायचा, तो अर्ध्या मिनिटात थांबला. पानावर तीन नावं. लायब्ररीच्या मते सगळं गाव म्हणजे तीन माणसं होती, बाकी सगळी त्यांचीच वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेली नावं.

ते पान मोईनभाईंच्या टेबलावर गेलं. मोईनभाई कधी प्रश्न विचारत नसत, फक्त तपासत. त्यांनी चष्मा लावला, तिन्ही नावांसमोर लाल पेनानं टिक केली, आणि खाली शेरा लिहिला, "बरोबर. बाकी गाव कुठं गेलं, ते कळवावं."

वामननं आकडा मुकाट्यानं परत होता तसा केला. पण त्या दिवशी त्याला एक गोष्ट कळली, की दुसऱ्याच्या ओळीत हात घालण्यापेक्षा आपली ओळ वेगळी जोडावी. त्यानं एक नवी छोटी फाइल केली आणि लायब्ररीला जोडून दिली. त्यात आमच्या भागाचं बोलणं होतं. आमच्याकडे माणूस 'आम्ही' म्हणत नाही, 'आमी' म्हणतो. ख, घ, ठ, भ यांच्यातला 'ह' तोंडातच विरतो. क्लार्क ऐकतो तसं लिहितो. म्हणून वामनच्या फाइलनं एकच काम करायचं, इंग्रजी नावातला असला 'एच' काढून टाकायचा आणि मग जुळवायचं.

आणि खरंच, याद्या पटापट जुळायला लागल्या. फाइलच्या माथ्यावर त्या परदेशी माणसानं सांगितल्याप्रमाणं त्यानं लिहिलं, काय बदललं ते, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव. मोईनभाईंनी ते पाहिलं आणि म्हणाले, तालुकाही लिही.

*

त्या आकड्याचं मात्र वामनच्या डोक्यातून गेलं नाही. फाइलमध्ये त्या माणसाचा पत्ता होता. वामननं मला हाताशी धरून इंग्रजीत पत्र लिहिलं. आम्ही तुमची लायब्ररी वापरतो, आम्ही तिला आमचा एक तुकडा जोडला आहे, आणि कृपया कळवा की तो आकडा तोच का?

पोस्टातल्या बाबूनं परदेशाचं पाकीट पाहून वामनला तीनदा नाव विचारलं. त्याला वाटलं, पोरगा नोकरीचा अर्ज करतोय. तो बाबू बाजारहत्नूरकडचाच निघाला. चार दिवसांत वामनच्या घरी बातमी पोचली, की वामन परदेशी चालला, घरी सांगितलं नाही.

त्याचे वडील, काका आणि मामा तिघं एका सकाळी सेंटरवर हजर. वडील नुसते वामनकडं बघत बसले. काका राव सरांना विचारू लागले, की पोराला कोणी फितवलं. वामन सांगतोय की मी एक आकडा विचारला. मामा म्हणाले, "आकडा विचाराले कोनी समुद्रापार पत्र पाठोते काय?"

कोणाचाच विश्वास बसला नाही. दिवाळीनंतर लगोलग वामनचं लग्न उरकण्यात आलं.

उत्तर सहा-सात महिन्यांनी आलं. साधं कार्ड होतं. पोस्टमननं वाचून झाल्यावर दिलं असणार, कारण देताना त्यानंच सांगितलं की त्यात नोकरीचं काही नाही. आम्ही चौघं खिडकीशी जमलो आणि मी मोठ्यानं वाचलं. त्या माणसानं पत्राबद्दल आभार मानले होते, आदिलाबाद नकाशात शोधून सापडलं म्हणून लिहिलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, "तो आकडा तोच का, ते मलाही आता आठवत नाही. मीही त्याला हात लावत नाही."

*

मधल्या काळात वामनमध्ये आणि माझ्यात एकदा चांगलंच वाजलं.

दुपारी जेवून आम्ही वर यायचो तर चालू प्रोग्राम चालायचा बंद. कुठंतरी एखादं अक्षर बदललेलं. सकाळी ठीक होतं, जेवणानंतर नाही. वामनला वाटलं, मी त्याच्या मागं शिकता शिकता हात घालते. मला वाटलं, तो स्वतः चुका करतो आणि नाव माझ्यावर येईल असं बघतो. आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. वामननं फाइलच्या वर लिहून ठेवलं, 'हात लावू नये'. दुसऱ्या दिवशी 'हात लावू नये'च्या पुढं पूर्णविराम आला होता.

तो पूर्णविराम पाहून मला शंका आली. एवढा पूर्णविरामाला जपणारा माणूस आमच्यात एकच होता.

दुपारी आम्ही जेवायला उठलो आणि मी डबा विसरल्याचं निमित्त करून परत वर आले. राव सर माझ्या कम्प्युटरवर बसले होते. चष्मा नाकावर, दहा बोटं टायपिंगवाल्यांची, आणि बाजूला डिक्शनरी. आपली पोरं आत काय लिहितात ते तपासायला ते रोज दुपारी कोड वाचत होते. कोड त्यांना कळत नव्हता. पण स्पेलिंग कळत होतं. त्या परदेशी माणसानं एका ठिकाणी 'रिसीव्ह'चं स्पेलिंग चुकवलं होतं आणि तेच चुकीचं नाव सगळीकडं वापरलं होतं. कम्प्युटरला काय, चुकीचं तर चुकीचं, पण सगळीकडं सारखं पाहिजे. सर रोज दोन-तीन जागी बरोबर करून ठेवत.

मला बघून ते दचकले नाहीत. उलट रागावूनच म्हणाले, "फुकट देतो, ते समजलं. पण स्पेलिंग तरी बघायचं की नाही?"

*

आता शेवटचा. हा मी फार लोकांना सांगितलेला नाही, कारण यात चूक आमची होती.

एका सरकारी ऑफिसकडून आम्हाला रेशनकार्डांच्या याद्या आल्या. दोन-दोन कार्डं काढलेली माणसं शोधायची होती. नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव आणि साधारण वय जुळलं की एक कार्ड बोगस. वामनच्या फाइलसकट लायब्ररी चालवली, यादी काढली, देऊन टाकली. ऑफिसनं त्यातली कार्डं कापली, म्हणजे रद्द केली. आम्ही पुढच्या कामाला लागलो.

दीड-दोन महिन्यांनी एक बाई जिना चढून वर आली. पन्नाशीची, नऊवारी, हातात पिशवी. दारात उभी राहून म्हणाली, "कम्प्युटरवाले तुमीच काय? मी मेली नाई, दुसऱ्या कोनाची झाली नाई, मंग माहं कार्ड काऊन कापलं?"

तलमडुगूच्या पलीकडल्या एका गावची होती. ऑफिसात तिला सांगण्यात आलं होतं, की कम्प्युटर म्हणतो तू बोगस आहेस, कम्प्युटरवाल्यांना विचार. महिन्याभरापासून तांदूळ नाही, रॉकेल नाही. नवरा अंथरुणाला खिळलेला.

मी तिला बसवलं, पाणी दिलं, नाव विचारलं. मुक्ताबाई मारोती गोडे. मी यादीत पाहिलं. मुक्ताबाई मारोती गोडे होती, आणि तिचं कार्ड चालू होतं. मी म्हटलं, मावशी, तुमचं तर आहे. ती म्हणाली, ते मी नोय. ती खालच्या आळीतली मुक्ता. मी वरची.

वामन मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं कापलेल्या कार्डांचा कागद ओढला आणि बोट ठेवलं. इंग्रजीत एक होती गोडे आणि एक होती घोडे. दोघींचे नवरे मारोती. वयात एका वर्षाचा फरक. वामनच्या ओळीनं 'एच' काढला होता आणि दोन बायकांची एक केली होती.

त्याचा चेहरा उतरलेला मला अजून दिसतो. तो सरळ कम्प्युटरवर बसला, स्वतःची फाइल काढून टाकली, मूळ लायब्ररीवर सगळ्या याद्या परत चालवल्या. संध्याकाळपर्यंत अशा आणखी सहा जोड्या निघाल्या. खाडे-काडे, असलेच सगळे.

राव सर घाबरले. काम हातचं जाईल, सेंटरचं नाव जाईल. त्यांनी वामनला बाजूला घेऊन सांगितलं, की त्या परदेशी माणसानं आधीच लिहून दिलंय ना, बिघडलं तर जबाबदार मी नाही म्हणून? मग लायब्ररी बिघडली असं सांग. आपण त्याचं नाव सांगू, तो इथं थोडाच येतोय.

वामन म्हणाला, सर, फाइलच्या माथ्यावर माझं नाव आहे. सर म्हणाले, ते कोण वाचतं? मोईनभाई आपल्या टेबलावरून वर न बघता म्हणाले, "मैंने पढ़ा है."

दुसऱ्या दिवशी वामन आणि मी ऑफिसात गेलो. साहेब नवे होते, गोदावरीपलीकडचे, मराठी त्यांना येत नसे. म्हणून बोलायला मी. वामननं कोडचा छापील कागद टेबलावर ठेवला, एका ओळीखाली रेघ मारली होती. मी तेलुगूत सांगितलं, साहेब, ही ओळ याची आहे, चूक याची आहे, या सात बायकांची कार्डं परत करा.

साहेबांनी कागद पाहिला नाही, वामनकडं पाहिलं. विचारलं, ही लायब्ररी कोणाची? परदेशातल्या एकाची. तो किती घेतो? काही नाही. तुला ओळ घालायला कोणी सांगितलं? कोणी नाही. मग साहेब खुर्चीत मागं टेकले. त्यांच्या नोकरीत स्वतःहून चूक कबूल करायला आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. म्हणाले, हा कोणाला तरी वाचवतोय. विचार त्याला, या बायकांनी त्याला काय दिलं.

मी ते वामनला मराठीत सांगितलं नाही. पण तेवढं तेलुगू त्याला येत होतं. त्यानं कागद साहेबांच्या आणखी जवळ सरकवला, कानशिलं लाल झालेली.

साहेबांनी फर्मावलं, दोन्ही मुक्ता माझ्यासमोर पाहिजेत.

आम्हाला वाटलं, खालची मुक्ता कशाला येईल? तिचं कार्ड चालू होतं. उलट आली तर तिचंही अडकायचं. पण ठरल्या दिवशी दोघी आल्या. एकाच बसनं आल्या, आणि बसमधून उतरून एकमेकींपासून वीस पावलं सोडून चालत आल्या. ऑफिसच्या व्हरांड्यात एक या टोकाला बसली, दुसरी त्या टोकाला. मी मधे उभी. वरच्या मुक्तेला विचारलं, ओळख आहे ना तुमची? ती म्हणाली, "गाव एक हाये." खालचीला विचारलं, ती तेवढंही बोलली नाही.

साहेबांनी आधी एकेकीला आत घेतलं. वरची मुक्ता गेली. नाव काय? मुक्ताबाई मारोती गोडे. साहेबांनी नीट ऐकलं, परत विचारलं. गोडे. मी म्हटलं, साहेब, लिहायचं घोडे, पण आमच्याकडे बोलतात गोडेच. साहेब म्हणाले, तू बोलू नको. मग तिला बाहेर पाठवून खालची आत. नाव काय? मुक्ताबाई मारोती गोडे.

साहेब हसले. मला म्हणाले, बघ, तुझा कम्प्युटर बरोबर आहे. दोघी स्वतःच्या तोंडानं एकच नाव सांगतात. वामननं हात टेबलावर टेकवले. त्याची ओळ आमच्या भागाच्या बोलण्यावरूनच तर लिहिली होती.

मग साहेबांनी दोघींना एकत्र समोर उभं केलं. कोणीही दोन बायका आणून उभ्या करू शकतो, असं त्यांचं म्हणणं. ही दुसरी त्याच गावची कशावरून? बसस्टँडवरून पकडून आणली नसेल कशावरून? सरपंचाचा कागद होता, तो त्यांनी बाजूला सारला, असले कागद रोज येतात म्हणाले. शेवटी मला म्हणाले, यांना विचार, तुम्ही दोघी दोन आहात याला पुरावा काय?

मी विचारलं. वरची मुक्ता खाली बघत राहिली. महिनाभर चकरा मारून तिची बोलायची ताकदच संपली असावी. मग खालची मुक्ता, जी सकाळपासून नावापलीकडं एक शब्द बोलली नव्हती, ती साहेबांकडं बघून म्हणाली,

"सायेब, या बाईसंगं माहं धा वर्सापासून भांडन हाये. एकटी बाई भांडन कोनासंगं करन?"

मी ते तेलुगूत सांगितलं. साहेबांचा पेन हातातच राहिला. त्यांनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. दोघींच्या मधे अजूनही तीन हात जागा होती. त्यांनी फाइल ओढली, पेनाचं झाकण काढलं, आणि लिहिता लिहिता थांबले. संशय काही पुरता जात नव्हता. मला म्हणाले, विचार, भांडण कशावरून आहे.

मी विचारलं. खालच्या मुक्तेनं तोंड उघडलं.

तोच वरच्या मुक्तेनं मान वर केली, दहा वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडं तोंड फिरवलं, आणि हळू आवाजात म्हणाली,

"सांगू नको वं, मुक्ते."

खालच्या मुक्तेनं तोंड मिटलं.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, काय म्हणाली ते सांग म्हणून. मी सांगितलं. मग त्यांनी फाइलवर सही केली.